पाहुण्याची उंची

प्रिय मोजणीबाई,

या नावानं तुला हाक मारून किती वर्षं झाली कोण जाणे. आता तू महापालिकेच्या हवामान कक्षाची प्रमुख, तुझ्या दारावर पाटी, आणि तुझ्या सहीशिवाय शहरातलं एक झाड हलत नाही असं तुझी आई शेजारणीला सांगत असते. माझ्या डोळ्यांसमोर मात्र अजून तीच मुलगी आहे, माझी टेप पळवून घरातली टेबलं, खुर्च्या, दूधवाल्याची सायकल आणि एकदा तर झोपलेलं मांजर मोजणारी. शेपटी धरायची की सोडायची यावर तू रडून गोंधळ घातला होतास. शेवटी मी 'शेपटीसह' आणि 'शेपटीविना' असे दोन रकाने आखून दिले तेव्हा कुठे घर शांत झालं. मोजायचं तर नीट मोजायचं, हे मीच तुला शिकवलं. तेच आता माझ्यावर उलटलंय.

तू म्हणशील, दिवसातून दोनदा फोन करणारा हा माणूस पत्र लिहायला का बसला? परवा तुझा परिषदेहून फोन आला तेव्हा मी सांगणारच होतो. तोंड उघडलं, आणि 'जेवलीस का' एवढंच विचारून फोन आईकडे दिला. तिनं माझ्याकडे जे पाहिलं ते तू पाहायला हवं होतंस. फोनचं आणि माझं एक जुनं प्रकरण आहे, तेच सांगायचंय. म्हणून हे कागदावर. तू मंगळवारी परत येशील तेव्हा आई हे तुझ्या हातात देईल. आधी चहा घे, मग वाच. मध्येच थांबून मला फोन करू नकोस.

गेल्या रविवारी तू आराखड्याची पहिली छापील प्रत माझ्या हातात ठेवलीस, 'बाबा, पहिला वाचक तुम्ही' म्हणालीस आणि विमान पकडायला पळालीस. मी पेन्सिल घेऊन बसलो. तीन दिवस बसलो. आई म्हणाली, एवढा अभ्यास शाळेत केला असता तर आज आपण वेगळ्या घरात असतो. पण खरंच सांगतो, मी थक्क झालो. शहर किती तापतं त्याचा तो लालभडक नकाशा, कोणत्या गल्लीत सावली नाही ते घरागणिक मोजलेलं, छपरांना पांढरा रंग, विजेच्या बस, बुजवलेली तळी पुन्हा खोदायची कल्पना. एका शहरानं पुढच्या तीस वर्षांचा एवढा विचार केलेला मी आयुष्यात पाहिला नव्हता. चुका काढायची माझी खोड तुला माहीतच आहे. पान बारावर रोपटं धरून हसणारी मुलगी पान अठ्ठावन्नवर पुन्हा तेच रोपटं धरून हसतेय, एवढ्या काळात ते बोटभरही वाढलेलं नाही. एवढी एकच चूक काढता आली म्हणून मी जरा खट्टूच झालो होतो.

आणि प्रस्तावनेतलं ते वाक्य. 'पुलावरील मोजणीदाराने सत्तावीस वर्षे एकही दिवस न चुकवता केलेल्या नोंदी हा या आराखड्याचा सर्वांत विश्वासार्ह आधार आहे.' नाव नाही घातलंस, ते बरं केलंस, लोक म्हणाले असते बापाची टिमकी वाजवतेय. पण मला कळलं. मी ते वाक्य आईला दोनदा वाचून दाखवलं. तिसऱ्यांदा ती म्हणाली, पुरे आता. ती हसली नाही, हे मला तेव्हा लक्षात आलं नाही.

बुधवारी सकाळी मी पान चौसष्टवर आलो. 'शहरातील सर्वांत मोठ्या पुरात नदीची पातळी सात मीटरवर पोहोचून सुमारे साठ तास तेथेच स्थिर राहिली.' बाई, मी ते वाक्य पुन्हा पुन्हा वाचलं. पेन्सिल खाली पडली ती टेबलाखाली गेली, मला वाकून उचलता येईना. आई स्वयंपाकघरातून काय झालं म्हणून ओरडली, मी म्हणालो, पेन्सिल पडली. सदतीस वर्षांनी कुणी खांद्यावर हात ठेवून नाव घेऊन हाक मारावी तसं झालं. नदी साठ तास एका आकड्यावर स्थिर राहिली! पुराचं पाणी कधी असं राहतं का? तुझ्या एवढ्या हुशार माणसांपैकी एकालाही प्रश्न पडला नाही का? मला आधी तुमचाच राग आला. तो राग पाच मिनिटं टिकला असेल नसेल. कारण तुम्ही जे लिहिलंत ते माझ्या वहीत आहे, माझ्या अक्षरात.

आता मुळापासून सांगतो, कारण यातलं अर्धं तुला माहीत नाही आणि उरलेलं अर्धं मी तुला चुकीचं सांगितलंय. पुलाच्या मधल्या खांबावर मोजपट्टी रंगवलेली होती, पांढऱ्यावर काळे आकडे, शून्यापासून दहा मीटरपर्यंत. मी नोकरीला लागलो त्याच वर्षी पुलाची दुरुस्ती निघाली आणि खांबाचा वरचा भाग नव्या प्लास्टरखाली गेला. सातच्या वरचे आकडे पुसले गेले, ते पुन्हा रंगवायचे राहिले. मी दोनदा अर्ज दिला. उत्तर आलं, 'पाणी तेथवर येत नाही, सबब आवश्यकता नाही.' तो कागद मी बरेच दिवस लोकांना वाचून दाखवून हसायचो. आणि पुराच्या इशाऱ्याचा भोंगा कधी वाजवायचा याचा नियम काय होता ठाऊक आहे? पातळी साडेसात झाली की. पट्टी सातला संपलेली आणि भोंगा साडेसातला. हे आम्हा सगळ्यांना माहीत होतं, जेवणाच्या सुट्टीतला तो ठरलेला विनोद होता.

पुलाशेजारच्या पंपहाउसमध्ये वरच्या मजल्यावर, जिथून मी पट्टी वाचायचो, फोनच्या शेजारी एक सूचना चिकटवलेली होती. 'पट्टीवर दिसेल तेच कळवावे. अंदाज कळवू नये.' ती माझ्या आधीच्या मोजणीदारामुळे लागली होती. त्यानं एकदा अंदाजानं आकडा सांगितला, अर्ध्या शहराला घरांबाहेर काढलं गेलं, आणि पाणी आलंच नाही. त्याला घरी बसवलं. मला ती जागा त्याच्यामुळे मिळाली, म्हणून मी ती सूचना फार मनावर घेतली होती. मी चौतीसचा होतो, नोकरीचं तिसरं वर्ष. आईला पाचवा महिना होता. पोटात तू होतीस.

त्या दिवशी पहाटे सहाला, भोंगा वाजवायचं काम ज्यांच्याकडे होतं त्या कंट्रोल रूमचा फोन आला. मी खिडकीतून टॉर्च मारला, पाणी पट्टीच्या वरच्या टोकाला लागलेलं होतं. 'सात,' मी सांगितलं. ते खरं होतं. सातला पुन्हा फोन आला. तोवर उजाडलं होतं आणि पट्टी नव्हती. समजतंय का तुला? सातचा आकडा नव्हता, पट्टी नव्हती, खांबाचं गुळगुळीत प्लास्टर होतं आणि त्याला घासत जाणारं मातकट पाणी. 'किती?' पलीकडच्या माणसानं विचारलं. माझी नजर त्या सूचनेवर गेली. मी म्हणालो, 'सात.' तो म्हणाला, 'म्हणजे वाढलं नाही ना?' आणि मी म्हणालो, 'पट्टीवर सातच आहे साहेब.' त्यानं सुटकेचा श्वास टाकलेला मला ऐकू आला. 'चला, स्थिर आहे मग,' असं तो तिथल्या कुणाला तरी सांगत होता. आठला तिसरा फोन. तेव्हा पाणी आपल्या क्वार्टरच्या उंबऱ्याला लागलं होतं. मी पुन्हा सात म्हणालो. एकदा म्हटल्यावर दुसरं काय म्हणणार? तासाभरापूर्वी का नाही सांगितलंस, असं त्यांनी विचारलं असतं तर? मी हा विचार केला, हे मला लख्ख आठवतं. त्यानंतर फोन बंद पडला.

भोंगा वाजलाच नाही. पुलाच्या पुढच्या अंगाला असलेल्या खालच्या वस्तीत पाणी साडेआठच्या सुमाराला शिरलं. लोक उठून आवराआवर करत होते, कुणी डबे भरत होतं. सातला भोंगा वाजला असता तर सगळे चालत टेकडीवरच्या शाळेत पोहोचले असते, पंधरा मिनिटांची वाट आहे. अकरा माणसं गेली. त्यांत आपला इस्त्रीवाला होता आणि त्याची बायको. तो माझे युनिफॉर्मचे शर्ट करायचा, कॉलर इतकी कडक की मान वळवायची चोरी. मी त्याला चिडवायचो की तू मला फासावर चढवणार आहेस एक दिवस. दोन महिन्यांनी मला प्रशस्तिपत्रक मिळालं, पुराच्या तिन्ही दिवशी एकही नोंद न चुकवल्याबद्दल. त्या समारंभाला मी घातलेला शर्ट त्याच्याच हातचा होता. पूर यायच्या आदल्या दिवशी तो देऊन गेला होता, माळ्यावरच्या पेटीत ठेवला म्हणून वाचला. स्टेजवर मी कॉलरचं बटण सोडून खाली पाहत राहिलो. लोकांना वाटलं, आनंदानं गहिवरला.

चौकशी झाली. वस्तीतली माणसं सांगत होती, पाणी डोक्यावरून गेलं. पण चौकशीच्या साहेबांच्या टेबलावर माझी वही होती, आणि वहीत तीन दिवस सातच सात. शेऱ्याचा रकाना कोरा. त्यांनी मला एकच विचारलं, 'नोंदी तुमच्याच ना?' मी हो म्हणालो. बाहेरगावाहून मोठे पाहुणे पाहणीला येणार म्हणून आमच्या क्वार्टरना चार दिवसांत चुना लावून घेतला गेला. भिंतीवरची पाण्याची रेघ त्याच्याखाली गेली. त्याच्या आदल्या संध्याकाळी मी खिळा घेतला आणि स्वयंपाकघराच्या मागच्या दाराच्या चौकटीवर, जिथे पाण्याची ओल थांबली होती, तिथे एक रेघ कोरली. का कोरली, ते मला तेव्हाही सांगता आलं नसतं. वहीत लिहायची हिंमत नव्हती आणि कुठेच न लिहिता झोप येत नव्हती, एवढंच.

हो, तीच रेघ. तुझ्या सगळ्या पेन्सिलीच्या खुणांच्या वरची, लाकडात खोल गेलेली. तू तीन वर्षांची असताना विचारलंस, ही कुणाची उंची? मी म्हणालो, पाहुण्याची. एक पाहुणा आला होता तू जन्मायच्या आधी, तीन दिवस राहिला आणि गेला. मग दर वाढदिवसाला तू चौकटीला पाठ लावायचीस आणि विचारायचीस, पाहुण्याला किती उरलं? सोळाव्या वर्षी तू त्याला गाठलंस. घरभर नाचलीस, 'पाहुण्याएवढी झाले' म्हणून गल्लीत सांगत सुटलीस. मी त्या दिवशी मागच्या अंगणात जाऊन बसलो होतो. तू विचारलंस तेव्हा मी डोकं दुखतंय म्हणालो. आता तुला कळलं असेल का दुखत होतं ते.

आता हिशेब तूच कर, तू माझ्यापेक्षा चांगला करतेस. त्याच दाराच्या उंबऱ्याच्या दगडात सर्वेक्षणवाल्यांनी ठोकलेली पितळी खूण आहे, ती पट्टीच्या मापानं सात मीटर ऐंशी. पाहुणा उंबऱ्यापासून एक मीटर साठ. म्हणजे त्या दिवशी नदी नऊ मीटर चाळीसला होती. तुमच्या आराखड्यात पूररेषा सातवर, आणि सुरक्षेसाठी वर अर्धा मीटर. तू ज्या घरात रांगलीस ते घर तुझ्या नकाशावर पूररेषेच्या बाहेर आहे, बाई. हिरव्या रंगात. आणि खालच्या वस्तीची जागा, जी इतकी वर्षं मोकळीच पडून होती, तीही हिरव्या रंगात. तिथे तुम्ही उन्हाळ्यात म्हाताऱ्यांसाठी आणि आजाऱ्यांसाठी थंड निवारा बांधणार आहात, आठशे खाटांचा, आणि त्याच्या मागे नऊशे घरं. पान एकशे तीनवर चित्र आहे, झाडं, बाकं, आजोबा पेपर वाचतायत. त्या आजोबांचं टक्कल थेट माझ्यासारखं आहे. ज्यांना उठून पळता येत नाही अशीच माणसं शोधून शोधून तुम्ही तिथे नेऊन ठेवणार आहात. आणि कशाच्या भरवशावर? तर माझ्या.

पान चौसष्टच्याच खाली बारीक अक्षरात टीप आहे. मी भिंगानं वाचली. 'स्थानिकांच्या आठवणींत पाण्याची उंची याहून बरीच अधिक सांगितली जाते. तथापि प्रत्यक्ष नोंदी उपलब्ध असल्याने आठवणी ग्राह्य धरलेल्या नाहीत.' म्हणजे तुम्ही लोकांना विचारलं होतंत. कुणीतरी तुमच्या त्या कार्यशाळेत उभं राहून सांगितलं असेल, माझ्या डोक्यावरून पाणी गेलं होतं म्हणून. आणि त्यांना माझी वही दाखवून खाली बसवलं गेलं. चौकशीच्या वेळी एकदा आणि आता पुन्हा. मला माझीच लाज वाटली, इतकी की त्या दिवशी मी आरशात पाहून दाढी केली नाही.

तुझा दोष नाही. हे मी स्पष्ट लिहून ठेवतो, कारण तू वाचता वाचता स्वतःलाच धारेवर धरणार हे मला माहीत आहे. मागच्या वर्षी आराखड्याच्या बैठकीच्या आधी तू घरी आली होतीस. पानावर बसल्या बसल्या म्हणालीस, 'बाबा, त्या मोठ्या पुरात तीन दिवस सातच दिसतंय. बरोबर आहे ना?' तुला शंका आली होती! तू नीट मोजणारी, तू योग्य माणसाला योग्य प्रश्न विचारलास. सगळं सांगायची संधी तू ताटात वाढून दिलीस. आणि मी काय म्हणालो? 'पट्टीवर सातच होतं.' तेच वाक्य, तोच आवाज. तू मान हलवलीस आणि भाजी वाढून घेतलीस. बापावर विश्वास ठेवलास, एवढाच तुझा गुन्हा. चौथ्यांदा सात म्हणालो मी, आणि या वेळी समोर साहेब नव्हता, तू होतीस.

बुधवारी दुपारी मी आईला सांगायचं ठरवलं. सदतीस वर्षं मी समजत होतो की हे मी एकट्यानं वाहतोय. तिला समोर बसवलं, पाणी प्यायलो, सुरुवात केली. ती मध्येच म्हणाली, 'मी पंपहाउसच्या जिन्यावर होते. तिन्ही फोन ऐकले.' म्हटलं, मग इतकी वर्षं बोलली का नाहीस? ती म्हणाली, 'तुम्ही सांगाल म्हणून वाट पाहत होते. नंतर वाटलं, आता कुणाचं काय बिघडतंय.' आणि मग आराखडा माझ्यापुढे सरकवून म्हणाली, 'आता बिघडतंय.' तू तिला साधी समजतेस, मीही समजत होतो. जन्मभर एका घरात राहून मी या बाईला ओळखलं नाही, हेही मला या आठवड्यातच कळलं.

गुरुवारी आम्ही दोघं जुन्या क्वार्टरवर गेलो. घर सोडताना मी चौकटीचं ते उभं लाकूड काढून बरोबर आणलं होतं, त्यावरून तुम्ही दोघींनी माझी किती थट्टा केली होती, कपाट सोडून लाकूड घेतलं म्हणून. कपाटामागून ते काढलं, चादरीत गुंडाळलं आणि बसमध्ये चढलो. कंडक्टर म्हणाला, काका, याचंही तिकीट काढा. क्वार्टरमध्ये आता पंपांचं सामान ठेवतात. पहारेकरी ओळखीचा निघाला नाही, पण आईनं त्याला अशी काही पट्टी पढवली की त्यानं स्वतः कुलूप काढून दिलं. पितळी खूण जागेवर आहे. लाकूड खाचेत उभं केलं, बरोबर बसलं. आईनं टेपचं टोक धरलं, मी वरचं. एक मीटर साठ. आईच्या कपाळाच्या वर गेली रेघ. ती तिथे उभी राहिली आणि म्हणाली, 'मी खोलीत असते तर?' पोटावर हात ठेवून म्हणाली. मी तिला पंपहाउसवर नेलं होतं ना, पाणी वाढतंय हे मला कळलं होतं म्हणून. माझ्या घराला मी बरोबर आकडा सांगितला होता. फक्त शहराला सांगितला नाही.

आता हे पत्र कशासाठी ते सांगतो. काल शुक्रवार, आराखड्यावर हरकती द्यायचा शेवटचा दिवस. मी सकाळी साडेदहालाच खिडकीवर गेलो. कारकुनानं अर्ज पाहिला, मला पाहिलं, म्हणाला, 'काका, तुम्ही मॅडमचे वडील ना? मॅडमच्याच आराखड्याला हरकत?' मी म्हणालो, शिक्का मार. हरकत क्रमांक दोनशे तेरा, पान चौसष्ट, नोंद खोटी असल्याबद्दल. हरकतदार, ती नोंद करणारा. सोबत जोडपत्र, चौकटीचं लाकूड एक. लाकूड फायलीत लावता येत नाही म्हणून त्यानं सुनावणीला घेऊन यायला सांगितलंय. बुधवारी तू खुर्चीवर असशील, तुझ्या आजूबाजूला तुझी माणसं, समोर वार्ताहर. माझा क्रमांक पुकारतील तेव्हा तुला तो पहिल्यांदा तिथे ऐकावा लागू नये म्हणून मी हे लिहिलं. माझी पेन्शन, ते प्रशस्तिपत्रक, लोक तुला काय म्हणतील, याचा विचार आईनं आणि मी करून झालाय, तू करू नकोस. खुर्ची सोडू नकोस आणि दुसऱ्या कुणाला बसवू नकोस. मला बाबा म्हणू नकोस, डोळ्यांत पाणी आणू नकोस. फक्त एकच प्रश्न विचार, त्या कंट्रोल रूमच्या माणसानं विचारला होता तेवढाच, 'पाणी किती आहे?' मी उत्तर देईन. कुणाला खरं वाटलं नाही तर त्या लाकडाला पाठ लावून एकदा उभी राहा, म्हणजे सगळ्यांना दिसेल.

लाकडावरच्या तुझ्या सोळाही खुणा मोजून,
तुझाच,
बाबा